डाव्या हाताचं मौन

पेटीवाल्याला अ‍ॅकॉर्डियन फारसं परकं वाटू नये. भाता आहे, सूर (म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या जिभा) आहेत, पट्ट्या आहेत. फक्त पेटीत हवा सुरांतून एकाच दिशेनं जाते आणि इथे भाता ओढतानाही बोलतो, दाबतानाही. म्हणून प्रत्येक स्वराला दोन जिभा, एक जातानाची, एक येतानाची. असं दहा-बारा किलोंचं धूड छातीला बांधून जॅझ वाजवायचा, तर आधी त्याचा लाडका कंप काढून घ्यावा लागतो.

तो थरथरता ‘पॅरिसचा’ आवाज, ज्याला म्युझेट म्हणतात, म्हणजे मुद्दाम केलेला बेसूरपणा असतो. एकाच स्वराचे दोन सूर, एक ४४० हर्ट्झला लावलेला, दुसरा ४४५च्या आसपास. सेकंदाला पाच लाटा उठतात. वॉल्ट्झच्या नाचाला हे गोड लागतं. पण जॅझच्या सा-ग-प-नीमध्ये प्रत्येक स्वराची लाट वेगळ्या गतीची, त्यात वरचा सा नीला खेटून आला की नुसता चिखल. म्हणून जॅझवाले सूर ‘कोरडे’, म्हणजे लाटा न उठणारे, जुळवून घेतात, नाहीतर सरळ सुरांचा एकच संच उघडतात, नर (मधला) किंवा खर्ज (खालचा). खर्जाचा आवाज मखमली खरा, पण त्याच्या जिभा लांब, त्या बोलायला वेळ घेतात. द्रुत लयीत तान ठेक्याच्या मागे रेंगाळते आणि दोष मात्र बोटांना मिळतो.

गंमत म्हणजे जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची १९२८ मधली पहिली ध्वनिमुद्रणं याच म्युझेटवाल्या अ‍ॅकॉर्डियनमागे बॅन्जो वाजवतानाची आहेत. पुढे त्याच पॅरिसमध्ये अ‍ॅकॉर्डियनवादक ग्युस व्हिझरनं म्युझेटला स्विंग, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत वाजायला लावलं. अमेरिकेत आर्ट व्हॅन डॅम (जन्म १९२०) बेनी गुडमनचे क्लॅरिनेटचे तुकडे अ‍ॅकॉर्डियनवर बसवत तयार झाला. त्याच्या पंचकात अ‍ॅकॉर्डियन, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि गिटार मिळून एकच धून वाजवतात, तेव्हा कोण कुठला ते पटकन सांगता येत नाही. कंप ठेवला असता तर ही मोट बांधलीच गेली नसती.

आता डावा हात. १२० बटणं, २० ओळी, प्रत्येकीत सहा: दोन एकेका खर्ज स्वराची, मग चार कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाची): मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. जॅझला रोज लागणाऱ्या मायनर सेव्हन्थला बटणच नाही! मग जुगाड: सीचा खर्ज दाबायचा आणि तीन ओळी खाली जाऊन ई फ्लॅट मेजर. मेजर सेव्हन्थ हवा तर सीवर चार ओळी वरचा ई मायनर. बोटं ताणली जातात, म्हणून आधी खर्ज, मग कॉर्ड असं तोडून वाजवणं बरं. एवढं करूनही बटणाचे स्वर ठरलेल्या सप्तकातच अडकलेले, मांडणी बदलायची सोय नाही. शेजारी डबल बास (खर्जाचं उभं मोठं तंतुवाद्य) असेल तर दोन खर्ज एकमेकांच्या पायात येतात. शहाणे वादक अशा वेळी बटणं सोडूनच देतात.

पण हात रिकामा नसतो. पियानोत कॉर्डमधला एकच स्वर जोरात मारता येतो. इथे भात्याचा दाब सगळ्या स्वरांना सारखा, त्यामुळे स्विंगचा आघात पट्टीतून येत नाही, डाव्या मनगटाच्या हलक्या हिसक्यातून येतो. दिशा बदलायची ती वाक्य संपल्यावर, जिथे ट्रम्पेटवाला श्वास घेईल तिथे. मधेच बदलली तर ओळीला शिवण दिसते. आठ मात्रांतच भाता पूर्ण उघडला असेल तर ओढ जास्त होतेय असं समजावं. उरलेली हवा अंगठ्याखालच्या बटणानं सोडून भाता मिटता येतो, पण बॅलडमध्ये, म्हणजे संथ गाण्यात, जरा जपून. मायक्रोफोन जवळ असला की तो सुस्कारा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.