कर्लीतून ओहोटीबरोबर : वालावल ते देवबाग, एकट्याने

कयाकिंगला दंडात ताकद लागते असं बहुतेकांना वाटतं. कर्ली नदीत त्याआधी पंचांग लागतं. कुडाळ-मालवणच्या बाजूला नदीचं पाणी दिवसातून दोनदा समुद्राकडे जातं आणि दोनदा उलटं फिरतं. त्याच्या विरुद्ध वल्हं मारायचं म्हणजे नुसती दमछाक. त्याच्याबरोबर निघालात तर नदीच तुम्हाला पोहोचवते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. मी फाल्गुन वद्य नवमी धरली. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे समुद्रावर सकाळी पावणेसातला पूर्ण भरती आणि मग दुपारपर्यंत ओहोटी. शिवाय अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, उधाणाचा जोर नसतो, त्यामुळे पाणी खेचत नाही, हळूहळू नेतं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पुन्हा ताडून घेतली. हिशेब अंदाजाचा असतो, आणि नदीत आतपर्यंत पाणी फिरायला थोडा जास्त वेळ लागतो.

माझी कयाक हवा भरायची आहे. घडी घालून कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत नेली, आणि पहाटे रिक्षाने वालावलला. लक्ष्मीनारायणाचं दर्शन घेतलं आणि नदीवर उतरलो. हवा भरताना थोडी ढिलाई ठेवली, कारण मार्चच्या उन्हात आतली हवा फुगते आणि शिवणीवर ताण येतो. लाइफ जॅकेट, शिट्टी, दोन बाटल्या पाणी, फोन जलरोधक पिशवीत. देवबागला जिथे उतरणार होतो तिथे निघायची आणि पोहोचायची वेळ कळवून ठेवली. एकट्याने जाताना ही गोष्ट मी कधीच टाळत नाही.

काठावर एक काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत होते.

"खय चललात? एकटेच?"

"देवबागला, काका. ओहोटीबरोबर."

"सुकतीबरोबर जाशात तर बरा. पण वारो सुटाच्या आधी कोरजाय गाठा."

हे त्यांनी सांगितलं ते अगदी नेमकं. या दिवसांत दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि पश्चिमेला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो.

डोक्यावर अर्धा चंद्र अजून दिसत होता. सुरुवातीला पाणी पूर्ण थांबलेलं, झाडाचं पानही जागचं हलत नव्हतं. वल्हं आडवं ठेवून बसलो. मग पान सरकायला लागलं, आणि पाठोपाठ मीही. तो क्षण मला फार आवडतो. आपण काहीच केलेलं नसतं आणि प्रवास सुरू झालेला असतो.

पुढचा बराच वेळ मी फक्त दिशा सांभाळली. वल्ह्याचा आवाज नाही म्हटल्यावर काठावरचे पक्षी जवळ येऊ देतात. वंचक उडायचा तो पाच हातांवर आल्यावर. खंड्या एका चिपीच्या फांदीवरून पुढच्या फांदीवर, असा कितीतरी वेळ माझ्यापुढे चालला. ब्राह्मणी घार पाण्याला जेमतेम पाय लावून मासा उचलून गेली. कुठल्याशा वाडीवरून सुरंगीचा वास आला. फुलं दिसली नाहीत, पण तो वास दुसऱ्या कशाचा नसतो. सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, याच दिवसांत बाजारात येतात. वरच्या अंगाला काजूची बोंडं लाल-पिवळी झाली होती.

पाणी उतरू लागलं तशी कांदळवनाची मुळं उघडी पडली. कांदळाची कमानीसारखी, तिवराची चिखलातून वर आलेली सरळ. इथे मात्र सावध राहावं लागतं. उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवं असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. हवेच्या कयाकसाठी तो धोका मोठा, म्हणून काठाचा मोह सोडून मी खोल पाण्यात सरकलो. गुडघाभर पाण्यात बायका मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होत्या. एकीने हात वर केला, मीही केला.

कोरजाईच्या अलीकडे वारा लागलाच. तेवढा एक पट्टा जोर लावून काढला. पण नदी समुद्राला लगेच मिळत नाही, दक्षिणेला वळते. एका बाजूला कोरजाई, दुसरीकडे देवबागची चिंचोळी पट्टी आणि तिच्यापलीकडे लगेच अरबी समुद्र. वळण घेतल्यावर देवबागच्या माडांचा आडोसा धरला. समोरचा वारा गेला, फक्त लाटांचा आवाज उरला.

संगमापर्यंत मात्र गेलो नाही, आणि एकट्याने कोणी जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ओहोटीत नदीचं सगळं पाणी त्या मुखातून बाहेर पडतं आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. जे पाणी सकाळभर सोबत असतं, तेच तिथे समुद्रात ओढून नेतं. अलीकडेच उतरलो, विहिरीच्या गोड्या पाण्याने कयाक धुतली, सावलीत वाळत टाकली. जेवायला बसलो तेव्हा घरच्या काकूंनी विचारलं, परत कसे जाणार? संध्याकाळच्या भरतीने वर जायचं मनात होतं, पण अंधार पडेल म्हणून रिक्षाच सांगितली. भरतीने वर जाण्यासाठी वेगळी तिथी लागेल. तृतीयेला पूर्ण भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे सकाळी साडेआठनंतर निघता येईल. तेव्हा उधाण नुकतंच ओसरलेलं असेल आणि पाण्याला ओढ जास्त असेल, तेवढं धरून चालावं लागेल.