आमची वाटचाल : शिडाच्या नौकेतले डिझेल इंजिन उतरवताना

रेवदंड्याच्या खाडीकाठचे आमचे वर्कशॉप वडिलांच्या काळापासून मच्छीमारांच्या होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करत आले आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या शाकारल्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या, की इंजिन उतरवणे, पंखा फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट सरळ करणे आणि त्याच्या भोवतीने पाणी आत येऊ न देणारी ग्लँड नव्याने भरणे, हेच आमचे मुख्य काम असे. पुढे मुंबई-अलिबागकडच्या हौशी मालकांच्या शिडाच्या नौका येऊ लागल्या आणि त्यांची इंजिने झिजून नव्हे, तर वापराविना बिघडलेली आढळू लागली. सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, मधे वारा पडला तर किंवा धक्क्याला लागतानाच इंजिन सुरू करायचे, अशा वापरात ते नीट तापतच नाही. थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा क्षाराने बुजतात आणि टाकीत पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी साचते. अशा नौकेला विजेची मोटरच योग्य, हे आमचे मत तिथे पक्के झाले.

तीसएक फुटी नौकेला आम्ही १० किलोवॉटची मोटर आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल जोडून केलेली ५१.२ व्होल्टची बॅटरी बसवतो. सेल २८० अँपिअर-तासांचे असतील तर तिच्यात सुमारे १४ युनिट वीज मावते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असली, तरी लहान इंजिनातून शाफ्टपर्यंत त्यातला पाव हिस्सा किंवा थोडा अधिकच पोहोचतो. म्हणजे ही सगळी बॅटरी चार-पाच लिटर डिझेलचे काम करते. हे आम्ही मालकांना पहिल्याच भेटीत सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने सहा नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चार नॉटने गेल्यास तिसऱ्या हिश्श्याहून कमी शक्ती पुरते. पण उधाणाच्या ओहोटीत समोरून दोन नॉटची ओढ असेल, तर तेवढ्याच विजेत अंतर निम्मेच कापले जाते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक न पाहता निघणाऱ्या मालकाला आम्ही ही मोटर सुचवत नाही. तासन्‌तास जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरलाही नाही. त्यांची डिझेल इंजिने आम्ही आजही मनापासून दुरुस्त करतो.

बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ जुळवणीला लागतो. नौका जमिनीवर टेकवलेली असताना तिचा सांगाडा किंचित वेगळा बसतो, म्हणून मोटरची अंतिम जुळवणी ती पाण्यात उतरवल्यावरच करतो: मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये फट मोजणाऱ्या फीलर गेजची पाती चारी बाजूंनी घालून पाहायची आणि फट सगळीकडे सारखी होईपर्यंत बैठकीचे बोल्ट जरा जरा फिरवायचे. पूर्ण शक्तीवर वायरीतून सुमारे २०० अँपिअर वाहतात. वायरीच्या टोकाचा लग ढिला राहिला तर तो तापतो आणि साध्या तांब्याला खाऱ्या हवेत हिरवट गंज चढतो. म्हणून कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर वापरतो, मग ती महाग का पडेना.

पावसाळ्यात नौका शाकारली की बॅटरी पूर्ण न भरता निम्मी भरून, सर्व जोडण्या सोडून ठेवायला सांगतो. शिडावर धावताना पाण्याच्या ओघाने फिरणाऱ्या नौकेच्या पंख्यातून (प्रोपेलरमधून) थोडी वीज परत मिळते. पण त्याने नौकेचा वेगही कमी होतो, त्यामुळे तिचा हिशेब आम्ही अजून अंदाजपत्रकात धरत नाही. या हंगामात मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा आमच्याच नौकेवर लावून ही परत मिळणारी वीज मोजण्याचे काम सुरू आहे.