नंबर तुमचा आहे, कंपनीचा नाही!

आपल्याकडे अजूनही कितीतरी लोक रेंज नाही म्हणून रोज चरफडतात पण कंपनी बदलत नाहीत. कारण विचारलं की एकच, "नंबर सगळीकडे दिलाय रे." अहो पण नंबर तोच राहतो! २० जानेवारी २०११ पासून ही सोय, म्हणजे नंबर पोर्ट करणं, देशभर आहे, त्याच्याही आधी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झालेली. इतकी वर्षं झाली तरी लोकांच्या मनातली भीती काही जात नाही, आणि याची मला खरंच चीड येते, कारण याचा सगळ्यात जास्त त्रास म्हाताऱ्या माणसांना होतो.

आमच्या आईचंच सांगते. ती गावी रत्नागिरीकडे असते, तिचा नंबर बँकेत आहे, गॅसला आहे, आधारला आहे, लाईटबिलाला आहे, शिवाय सगळ्या भाच्या-पुतण्यांना पाठ. आणि घरात रेंज शून्य. फोन आला की खळ्यात जायचं, पावसात छत्री घेऊन. कस्टमर केअरला कितीदा कळवलं, दरवेळी तक्रार नोंदवून घेतली एवढंच उत्तर. शेवटी म्हटलं पोर्टच करूया. आई म्हणाली, "नंबर तोच ना गं नक्की? नायतर त्या गॅसवाल्याला परत कोण सांगत बसणार."

पण एक गोष्ट आधी करा, ही सगळ्यात महत्त्वाची आहे. कुठल्या कंपनीची रेंज चांगली हे जाहिरातीवरून किंवा शहरातल्या अनुभवावरून ठरवू नका. ज्या घरात फोन वापरायचाय त्याच घरात, स्वयंपाकघरात, माजघरात, आतल्या खोलीत दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. शेजारच्यांचा, पोस्टमनचा, कोणाचाही फोन मागून घ्या दोन मिनिटं. कोकणात एका वाडीत फुल रेंज आणि ओढ्यापलीकडच्या वाडीत काहीच नाही असं सर्रास असतं. आम्ही शेजारच्या वहिनींचा फोन घेऊन अख्ख्या घरात फिरलो आणि मग ठरवलं.

दुसरं म्हणजे हँडसेट. साधा बटणांचा टूजी फोन असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, त्यांचं टूजी नेटवर्कच नाहीये, त्यासाठी फोरजीवरून कॉल करता येणारा फोन घ्यावा लागतो. हे दुकानदार कधी सांगतो कधी नाही. आणि बटणांच्या फोनमध्ये बऱ्याचदा सगळे नंबर सिमवर सेव्ह असतात, जुनं सिम काढलं की सगळे गेले! आधी ते फोनमध्ये कॉपी करा. आईचे आम्ही कॉपी केलेच पण वहीतही उतरवून ठेवले, त्यात "दूधवाला नवा" आणि "दूधवाला जुना" असे दोघे होते, दोन्ही ठेवायचे म्हणाली.

बाकी प्रोसेस सोपी आहे. त्याच सिमवरून मेसेज पाठवायचा, इंग्रजीत पोर्ट, एक स्पेस, मग आपला दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा १९०० ला. रिचार्जमध्ये एसएमएस नाहीत म्हणून हा मेसेज जात नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलंय की कुठलाही प्लॅन असो, हा मेसेज जाऊ द्यायचा. मग आठ अक्षरी कोड येतो, यूपीसी म्हणतात त्याला. २०१९ च्या डिसेंबरपासून नियम बदललेत, अटी आधीच तपासल्या जातात आणि सगळं ठीक असेल तरच कोड येतो. अटी म्हणजे सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत, पोस्टपेड असेल तर आलेलं बिल भरलेलं हवं, नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज अडकलेला नको. आणि सिम हरवलं म्हणून नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हा जुलै २०२४ पासूनचा नियम, फसवणूक थांबवायला केलेला आणि चांगलाच आहे.

कोड चार दिवस चालतो (ईशान्य भारत, आसाम, जम्मू-काश्मीरला तीस दिवस), म्हणून तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं ठरलं की मगच मेसेज करा. आधार न्या. आमच्याकडे वेळ गेला तो अंगठ्यापायी. आईची बोटं आयुष्यभर भांडी घासून आणि शेतात राबून झिजलेली, मशीन घेईचना. दुकानातला मुलगा मात्र गुणी, "काकू, हात जरा पुसा, आता मधलं बोट ठेवा" करत करत शेवटी डाव्या हाताचं बोट लागलं. मग फोटो, डोळे मिचकवा, झालं.

त्याच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागात) असाल तर तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई वेगळं सर्कल आणि बाकी महाराष्ट्र-गोवा वेगळं, त्यामुळे पुण्याहून मुंबईला गेलेल्यांना पूर्वी पोर्ट करून तोच नंबर मुंबई सर्कलचा करताच यायचा नाही, ३ जुलै २०१५ पासून तो अडथळा गेला. त्या काळी रोमिंगमध्ये, म्हणजे आपल्या सर्कलच्या बाहेर, इनकमिंगलाही पैसे कापायचे, आठवतंय ना?

पोर्टिंगचा चार्ज ट्रायने ६ रुपये ४६ पैसे ठरवलाय. दुकानात शेकड्यात पैसे मागितले तर ते रिचार्जचे, नीट विचारून घ्या. जुना बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी मात्र बुडते, म्हणून वर्षाचा रिचार्ज मारल्या मारल्या पोर्ट करू नका, तो संपत आला की करा. जुन्या सिमची रेंज गेली की मगच नवीन सिम घाला, तोवर जुनंच चालू राहतं. मन बदललं तर अर्ज केल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपला काही होत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये मात्र नव्या सिमवरून परत व्हेरिफाय करावं लागतं, म्हणून त्या दिवशी खिशात थोडी कॅश ठेवा. पोस्टपेडवाल्यांनी जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नक्की भरा, थकवलं तर नवीन कंपनीकडून नंबर बंद होऊ शकतो.

आणि तो आठ अक्षरी कोड ओटीपीसारखाच जपा. फोनवर गोड बोलून कोणी मागितला, कंपनीतून बोलतोय म्हणाला, तरी द्यायचा नाही, तो फक्त समोर बसून सिम देणाऱ्याला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मुद्दाम बसवून सांगा.