न ठरवता आलेली गोड बातमी

आज ओपीडीत पुन्हा तोच प्रश्न: "मॅडम, प्रेग्नन्सी किटवर दुसरी रेघ पुसट आहे, धरायची का?" धरायची! सकाळच्या पहिल्या लघवीचे ३ थेंब टाकल्यावर ५ मिनिटांत उमटलेली पुसट रेघही 'होय'च म्हणते. तासाभराने कचऱ्यातून पट्टी काढून पाहिली, तर ती नुसती वाळल्याची खूण असू शकते. दोन दिवसांनी नव्या किटवर बघा.

दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, गर्भ मात्र त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. त्यामुळे नियमित पाळी आठवडाभर चुकली की ५ आठवडे भरलेच. "पण नवरा तर तीन आठवड्यांपूर्वीच गावाहून आला," असा हिशेब करून घरात संशय नको.

फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम, रोज, आजपासून. थायरॉइड किंवा फिटची गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफी साधारण ७ आठवड्यांना. फार लवकर केली तर ठोके दिसत नाहीत आणि उगाच घाबरगुंडी उडते. मात्र पोटात एका बाजूला कळ, खांदादुखी, चक्कर असेल तर लगेच दवाखान्यात निघा. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो.

घरी कधी सांगायचं? तीन महिने गप्प राहा म्हणतात, कारण बहुतेक गर्भपात त्याच काळात होतात. पण मळमळ आणि थकवाही तेव्हाच जास्त, म्हणून नवरा आणि एक हक्काचं माणूस यांना आधीच सांगा. सासूबाईंचं पपईवरचं भाषण नंतर ऐकता येईल. अजून ठेवायचं की नाही ठरलं नसेल, तर आधी डॉक्टर. सज्ञान बाईला कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही. ठेवायचं ठरलं की आशाताईंकडे नोंदणी, १२ आठवड्यांच्या आत.