मे महिन्यातले मोजे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "शेट, एवढ्या उकाड्यात हे जाड मोजे कशाला?" म्हापशातल्या आमच्या कापडाच्या दुकानात हा प्रश्न मार्चपासूनच सुरू होतो. शुक्रवारच्या बाजाराला तर दिवसातून चार वेळा.

तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलो. संध्याकाळी पाय जड व्हायचे, घोट्यावर बोट दाबलं की खळगा उरायचा. वय झालं म्हणून सोडून दिलं. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडली, खाज सुटली आणि मी शहाणा दीड वर्ष त्यावर नायट्याचं मलम चोळत बसलो! डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी, केली तेव्हा कळलं, दुखणं शिरांचं होतं.

पायातलं रक्त वर चढवते ती पोटरी. चालताना ती आवळते, रक्त वर जातं आणि शिरांतल्या झडपा ते परत उतरू देत नाहीत. माझ्या झडपा निकामी झाल्यात. रक्त खाली साचतं, दाब वाढतो, तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात. तो तपकिरी डाग त्यांतल्या लोहाचा. दुर्लक्ष केलं तर तिथेच जखम होते आणि महिनोन् महिने भरत नाही.

मोज्यांनी झडपा दुरुस्त होत नाहीत. घोट्याशी घट्ट नि वर सैल होत जाणारे हे मोजे पायात आहेत तोवरच शिरांना आवळून धरतात. माझे 20 ते 30 मिलिमीटर पारा इतक्या दाबाचे, रक्तदाब मोजतात त्याच मापाने. सकाळी सूज चढायच्या आत, खाटेवर बसूनच घालायचे. नऊ वाजले की कुस्तीच. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढले की पकड येते, ही युक्ती बायकोची. झोपताना काढायचे. दुपारी दुकान बंद केलं की ताग्यांवर पाय छातीहून उंच ठेवून पडतो. शेजारचे त्याला आळस म्हणतात, म्हणोत. उभं राहावं लागलं तर मधूनमधून टाचा उचलतो.

पण माझे बघून लगेच विकत आणू नका. पायाच्या धमन्या अरुंद असतील, मधुमेह्यांच्या बऱ्याचदा असतात, तर हेच आवळणं घातक. डॉक्टरांना आधी तपासू द्या. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उकडतं का? उकडतं हो. पण मे परवडला. जूनमध्ये धुतलेले मोजे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून दुसरा जोड घेऊन ठेवलाय.