फूल, दोन पानं आणि लेकीचा व्हिसा

"बाई, अमेरिकेतल्या लोकांना आपली मुलं नकोशीच झालीत ना?" फोंड्याच्या बाजारात भाजी निवडत असले तरी हा प्रश्न येतोच. लेक टेक्ससमध्ये एच-वन-बीवर, म्हणजे कुशल परदेशी कामगारांना मिळणाऱ्या अमेरिकी व्हिसावर आहे, हे सगळ्यांना ठाऊक. शिवाय मी जन्मभर गणित शिकवलं, म्हणजे उत्तर माझ्याकडे असणारच!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारलं काय यावर बरंच अवलंबून आहे. २०१८ साली प्यू या जनमत पाहणाऱ्या संस्थेने बारा श्रीमंत देशांत विचारलं, परदेशातल्या उच्चकुशल लोकांना आपल्याकडे यायला उत्तेजन द्यावं का? अमेरिकेत ७८ टक्के 'हो' म्हणाले, इटलीत फक्त ३५. गॅलप ही तशीच दुसरी संस्था मात्र विचारते, एकूण स्थलांतर वाढावं, तेवढंच राहावं की घटावं? २०२४ मध्ये ५५ टक्के अमेरिकनांना ते घटायला हवं होतं. २०२५ मध्ये ३० टक्क्यांना. या प्रश्नात 'कुशल' हा शब्दच नाही.

गोव्यात हे आम्ही अनुभवलंय. इथे जनमत कौल म्हटलं की १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. आमचं घर फुलाचं. ३४,०२१ मतांनी हरलो, हा आकडा वडील शेवटपर्यंत घडाघडा सांगायचे. पण वेगळं राज्य हवं का, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. ते झालं १९८७ साली.

आणि लोकांना काय वाटतं त्यावर एच-वन-बीचा कोटा हलतो असंही नाही. वर्षाला ६५ हजार, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना आणखी २० हजार. वीस वर्षं होऊन गेली, आकडे तेच. अर्ज जास्त, म्हणून लॉटरी. लेकीचं नाव दोनदा लागलं नाही. तिसऱ्या मार्चमध्ये तिने कुकर कुणाला द्यायचा, गादी कुणाला, याची यादी करून फ्रिजवर चिकटवली होती. व्हिडिओ कॉलवर ती यादी मला दिसायची, मी बघितलं नाही असं दाखवायचे. नाव लागलं. कुकर अजून तिच्याकडेच आहे, शिट्टी नीट होत नाही.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. हुकूम लागू झाला नेमका सर्वपित्री अमावास्येला. लेक आधीच तिथे होती, तिला झळ नाही. पण त्या दिवशी वाडी वाढताना माझे हात थरथरत होते.

आता आमच्या वाड्यावरचं. माझ्या माडीवर हैदराबादचा एक मुलगा भाड्याने राहतो, कुंडईला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. शेजारीण म्हणते, "भायले आले आणि आमच्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या." तिचा स्वतःचा पोरगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला. हे मी तिला बोलून दाखवत नाही, शेजारात राहायचंय.

मे महिन्यात तो मुलगा घरून आवकायच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या कैरीच्या लोणच्याच्या बरण्या आणतो. एक मला, एक तिला. तिने यंदा बरणी परत करताना आठवणीने सोलकढीची आमसुलं भरून दिली. जिन्यावरून खाली उतरली आणि मला म्हणाली, "गुणी आहे हो पोर. पण ह्या लोकांचा आकडा कमी व्हायला हवा."