गाइडलाइन आहे ना, मग पेपर कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

दर वर्षी नवी बॅच जरा रुळली की कुणीतरी हे विचारतंच, कधी पोस्ट-ड्युटी डोळे तांबारलेले असताना जरा चिडून, कधी रात्री मेसेज करून अगदी नम्रपणे, की मॅडम, जर्नल क्लबचा, म्हणजे एकत्र बसून एखादा शोधनिबंध (पेपर) चिरायच्या तासाचा, नेमका उपयोग काय, परीक्षेत येत नाही, वॉर्डात कामाला येत नाही आणि उपचारांची गाइडलाइन तर मोबाइलवर असतेच. मी सरकारी कॉलेजात बालरोग शिकवते आणि मला हा प्रश्न आवडतो. निदान विचारणाऱ्याला तास फुकट गेलेला कळतो तरी.

कारण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी जर्नल क्लब म्हणून जे चालतं ते बघितलं तर मीही म्हणेन की बंद करा. जेआर वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, आदल्या रात्री सांगायचं की उद्या तुझा नंबर, तो बिचारा कॅज्युअल्टी सांभाळत जो पहिला पेपर मिळेल तो उचलणार, अ‍ॅबस्ट्रॅक्टचे तुकडे करून पीपीटी बनवणार, सकाळी भिंतीकडे तोंड करून वाचून दाखवणार, मागच्या रांगेतले निम्मे झोपलेले, शेवटी विभागप्रमुख म्हणणार "गुड, एनी क्वेश्चन्स?", कुणाचाच क्वेश्चन नाही, की सगळे समोशांकडे. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, पीजी अप्रेझल फॉर्मात जर्नल वाचनाचा वेगळा रकाना आहे, त्यामुळे सही हवी असते आणि ती मिळते. याला उपयोग नाही हे तुमचं बरोबरच आहे.

पण "गाइडलाइन आहे ना" हे मला पटत नाही, आणि ते का हे सांगायला मी दर बॅचला एकच पेपर काढते. फीस्ट ट्रायल (पेशंटचे गट पाडून उपचार ताडून बघणारा प्रयोग), २०११, न्यू इंग्लंड जर्नल. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं मूल आलं की २० मिली प्रति किलो बोलस, म्हणजे शिरेतून भराभर द्रव, ढकलायचा हे आपल्या हातालाच शिकवलेलं असतं, विचार करावा लागत नाही. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या सहा हॉस्पिटलांत त्यांनी नेमकं हेच तपासलं. ३१४१ मुलं, काहींना सलाइनचा बोलस, काहींना अल्ब्युमिनचा (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण), काहींना बोलसच नाही, फक्त मेंटेनन्स, म्हणजे रोजच्या गरजेपुरता हळूहळू द्रव. ४८ तासांत अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के मुलं गेली, सलाइनच्या गटात १०.५ आणि ज्यांना बोलस दिलाच नाही त्यांच्यात ७.३ टक्के. ट्रायल मध्येच थांबवावी लागली.

इथे दरवेळी खोलीत शांतता पसरते आणि मग कुणीतरी म्हणतं, म्हणजे बोलस द्यायचाच नाही का? आता खरा जर्नल क्लब सुरू होतो. मी म्हणते की निकाल बाजूला ठेव, आधी सांग ही मुलं कोण होती. मग पानं उलटायला लागतात. निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता. जवळपास तिसऱ्या हिश्शाचं हिमोग्लोबिन ५ च्या खाली होतं. ताप आणि सोबत शुद्ध हरपत चाललेली किंवा श्वासाचा त्रास असला, की मग केपिलरी रिफिल (दाबलेल्या त्वचेत रक्त परतायचा वेळ) लांबलेलं किंवा नाडी क्षीण किंवा पाय गार किंवा हार्ट रेट खूप जास्त, यातलं एक चिन्ह दिसलं तरी मूल ट्रायलमध्ये घेतलं जात होतं, म्हणजे आपण ज्याला शॉक (रक्ताभिसरण कोसळणं) म्हणतो त्यापेक्षा बरीच सैल व्याख्या. व्हेंटिलेटर, आयसीयू वगैरे नव्हतंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गॅस्ट्रोची मुलं वगळली होती, तीव्र कुपोषितही वगळली होती. हे शेवटचं वाक्य ज्याने वाचलं नाही आणि फक्त "बोलसने मुलं मरतात" एवढंच घेऊन घरी गेला, तो उद्या जुलाबाने सुकलेल्या मुलाचं सलाइन अडवून बसेल. अर्धा वाचलेला पेपर हा न वाचलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता गाइडलाइन उघडा. सेप्सिसवरच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनण्यावरच्या) सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेची, मुलांसाठीची २०२० ची. तिथे सल्ला एकच नाहीये. आयसीयूची सोय असेल तर पहिल्या तासात गरजेप्रमाणे ४०-६० मिली प्रति किलोपर्यंत बोलस. आयसीयू नसेल आणि बीपी पडलेलं नसेल तर बोलस नको, मेंटेनन्स सुरू करा. ज्याने फीस्ट वाचलाय त्याला ही फूट कुठून आली ते लगेच कळतं, ज्याने नाही वाचला तो वरचं वाक्य पाठ करतो कारण ते आधी येतं. आणि मग हाच मुलगा किंवा मुलगी एमडी होऊन बॉण्डवर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाते, जिथे मुलांचं आयसीयू दोन-तीन तासांच्या अँब्युलन्सवर. कुठलं वाक्य लागू? एवढ्या एका प्रश्नासाठी मी हा तास सोडायला तयार नाही.

याच पेपरवर आकड्यांचा खेळही दाखवता येतो. बोलसने मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी वाढला असं म्हणा, ते खरंय. शंभर मुलांमागे तीनएक मृत्यू जास्त झाले असं म्हणा, तेही खरंय. आकडे तेच, पण ऐकणाऱ्याच्या पोटात वेगळा गोळा येतो. औषध कंपनीचा एमआर जे गुळगुळीत कागदाचं पत्रक देतो त्यावर नेहमी पहिल्या जातीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि दुसरा नसतोच. मी रेसिडेंट्सना तेच पत्रक आणायला सांगते, मूळ पेपर काढून शेजारी ठेवायचा. हे त्यांना फार आवडतं, पकडापकडीची मजा असते त्यात.

मोठ्या माणसांवर उपचार करणाऱ्या मित्रांकडे कास्ट नावाची ट्रायल आहे. हार्ट अटॅकनंतर एक्टोपिक्स (हृदयाचे अवेळी जादा ठोके) असले की अचानक मृत्यूचा धोका जास्त, मग एक्टोपिक्स दाबा, माणूस वाचेल, इतकं सरळ गणित की शंका घ्यायलाच लाज वाटावी. १९९१ च्या पेपरात एन्केनाइड-फ्लेकेनाइड ही ते ठोके दाबणारी औषधं घेणाऱ्यांत ६३ मृत्यू किंवा कार्डिअ‍ॅक अरेस्ट, प्लासिबोत, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या गटात, २६. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे. ईसीजी सुधारला, पेशंट गेले.

म्हणजे फक्त परदेशातलेच पेपर वाचायचे का, असंही विचारतात. अजिबात नाही. फीस्टच्याच वर्षी, २०११ ला, बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची विंचूदंशावरची ट्रायल आली. लाल विंचू, ७० पेशंट, निम्म्यांना फक्त प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), निम्म्यांना प्राझोसिन अधिक अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते अँटिव्हेनमच्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. रेसिडेंट्सचा ऊर भरून येतो, कोकणातल्या दवाखान्यातून थेट बीएमजे म्हटल्यावर येणारच. पण मग मी म्हणते आता यालाही तसंच चिरा. ट्रायल ओपन लेबल होती, कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि "पूर्ण बरा" हे ठरवायचं लक्षणं बघून, म्हणजे तपासणाऱ्याच्या नजरेवर काही सोडलेलंच. पेशंट थोडे. घेतलेले सगळे ग्रेड टूचे, म्हणजे ज्यांच्या हृदयावर-फुप्फुसांवर अजून परिणाम झालेला नाही असे. पल्मनरी एडिमा (फुप्फुसांत पाणी) घेऊन उशिरा पोचलेलं मूल यात नाहीच. तरी ३२ विरुद्ध ८ एवढी दरी नुसत्या नजरेच्या फरकाने पडेल का? यावर आमच्याकडे चांगलीच जुंपते आणि जुंपू दे. आदर असलेल्या माणसाच्या कामावर शंका काढताना आवाज कसा ठेवायचा तेही तिथेच शिकतात.

खरं तर या तासाचा सगळ्यात मोठा फायदा मला तोच वाटतो, तो फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसत नाही. राउंडवर जेआर वन प्रोफेसरांना "सर, हे मला पटत नाही" म्हणूच शकत नाही, म्हणाला तर पुढचा महिना कसा जाईल ते त्यालाच ठाऊक. पेपरबद्दल मात्र म्हणू शकतो. लेखक खोलीत नसतो, कुणाचा अपमान होत नाही. एकदा तोंड उघडायची सवय लागली की मग हळूहळू "सर, या बाळाला अँटिबायोटिक अजून चालू ठेवायचं का" हेही विचारलं जातं. काही युनिटांत सीनियरच पेपरवर आधी मत देऊन टाकतात, मग बाकीचे माना डोलावतात. आमच्याकडे सीनियर शेवटी बोलतात, मला स्वतःला ते जड जातं पण पाळते.

बाकी काही फार लागत नाही. प्रश्न त्या आठवड्यातल्या वॉर्डातल्या पेशंटवरून यावा, पेपर चार दिवस आधी झेरॉक्स करून सगळ्यांच्या हातात पडावा, स्लाइड्स नकोत. विल्यम ऑस्लर या डॉक्टरने १८७५ ला मॉन्ट्रियलला हा प्रकार चालू केला तो जर्नल्स महाग म्हणून वर्गणीत घेऊन वाचायला, आता पबमेड या ऑनलाइन सूचीवर वर्षाला दहा लाखांहून जास्त पेपर चढतात तेव्हा अडचण उलटी आहे, पण वर्गणी अजून लागतेच. आमचे समोसे कंपनीकडून येत नाहीत.

आणि ज्यांच्या डिपार्टमेंटमध्ये हे काहीच होत नाही ते विचारतात सुरुवात कुठून करू. तीन मित्र गोळा करा आणि महाडचाच पेपर घ्या, फुकट वाचता येतो आणि विषय आपला आहे. पेशंट कोण होते तो तक्ता आधी, मेथड्स मग, निकाल त्यानंतर. लेखकांची चर्चा मात्र स्वतः भांडून झाल्याशिवाय उघडू नका.